फुटला की फोडला?

इंग्रजी राजकारणात एक वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालं आहे की त्याला टोपणनावसुद्धा मिळालं आहे. 'मिस्टेक्स वेअर मेड.' शब्दशः मराठीत आणायचं तर 'चुका केल्या गेल्या', पण असं मराठी जिवंत माणूस बोलत नाही. आपण म्हणू, 'चुका झाल्या'. या फरकाकडे नंतर येतो.

अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी डिसेंबर १८७६ मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या शेवटच्या वार्षिक संदेशात ही रचना वापरली. चुका झाल्या हे त्यांनी मान्य केलं, आणि त्याच दमात बहुतेक चुका मदतनीस निवडण्यात झाल्या असंही सांगून टाकलं. वॉटरगेटच्या दिवसांत, १९७३ मध्ये, निक्सनचे प्रसिद्धी सचिव रॉन झिग्लर यांनी तीच वापरली. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण बाहेर आल्यावर रोनाल्ड रेगन यांनी २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात 'गंभीर चुका' याच साच्यात बसवल्या. विल्यम श्नायडर या राजकीय अभ्यासकाने मग या रचनेला भूतकाळाचा एक नवा प्रकार म्हणून नाव दिलं: 'पास्ट एक्झॉनरेटिव्ह'. दोषमुक्त भूतकाळ म्हणू या. साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ, पूर्ण भूतकाळ आणि हा चौथा.

मी एका इंग्रजी विद्यापीठात पोस्टडॉक आहे, प्रथिनांवर काम करते, आणि दिवसाचा निम्मा वेळ अशीच वाक्यं लिहिते. त्यामुळे हा विषय मला केवळ राजकारण्यांना हसण्यापुरता नाही. कर्ता गाळणं ही लबाडी कधी असते, सभ्यता कधी असते आणि निव्वळ सोय कधी असते, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी 'व्हॉइस बदला' हा प्रकार शाळेत घोकला असेल. राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. पाच गुण, आणि अर्थ तोच राहतो असं सांगितलं जायचं. त्याच दप्तरात मराठीचं व्याकरणही होतं, त्यात कर्तरी, कर्मणी आणि भावे. गंमत अशी की 'रामाने आंबा खाल्ला' हा आपला कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्याच्या तालावर चालतं: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. पण राम कुठेही जात नाही. 'ने' लावून तो वाक्याच्या दारातच उभा असतो. त्याला बोलताना गाळलं, नुसतं 'आंबा खाल्ला' म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला कोणी ते ठाऊक असतं, बहुतेकदा मीच. इंग्रजी पॅसिव्हची खरी करामत कर्माला पुढे आणण्यात नाही, ती कर्त्याला ऐच्छिक करण्यात आहे. 'बाय राम' हे शेपूट लावलं तर लावलं, नाही लावलं तर वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने अगदी धडधाकट राहतं, काही राहून गेल्याची चाहूलही लागत नाही.

म्हणूनच शाळेच्या व्याकरणात 'रामाकडून रावण मारला गेला' या रचनेला वेगळं नाव आहे, नवीन कर्मणी, आणि ही इंग्रजी वळणाची रचना आहे अशी टीपही असते. घरात ही रचना फारशी आली नाही, सरकारी कागदात मात्र तिची भावंडं ऐसपैस बसली. 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.' 'सौम्य लाठीमार करण्यात आला.' 'असे आदेश देण्यात येत आहेत.' आईने कधी 'आज भाजी करण्यात आली आहे' असं म्हटलेलं मला आठवत नाही. म्हणाली असती तर आम्ही सगळे घाबरलो असतो.

उलटा अनुभवही आहे. रेल्वेच्या फलाटावर गाडी उशिरा आल्याची सूचना इंग्रजीत होते तेव्हा गैरसोय 'रिग्रेटेड' असते. कोणी रिग्रेट केली, पत्ता नाही. त्याच सूचनेच्या हिंदीत 'हमें खेद है' येतं. यंत्रणा तीच, उशीर तेवढाच, पण एका भाषेत माफी मागणारा कोणीतरी आहे आणि दुसऱ्या भाषेत माफी हवेत तरंगते आहे.

एवढं वाचून 'पॅसिव्ह वाईट' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि तो काढणारे थोर लोक होऊन गेले. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषेवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात नियमच घालून दिला की कर्तरी चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नका. मात्र त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात, सर्वसाधारण समज काय आहे हे सांगताना, त्यांनी स्वतः पॅसिव्ह वापरला आहे. जेफ्री पुलम हे भाषाशास्त्रज्ञ या बाबतीत फार खट्याळ. पॅसिव्हला शिव्या देणाऱ्यांना बऱ्याचदा पॅसिव्ह ओळखताच येत नाही, हे ते उदाहरणांनिशी दाखवतात. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या लेखनमार्गदर्शिकेत, जी अमेरिकेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठ केली, टाळण्याजोगी म्हणून चार वाक्यं दिली आहेत. त्यातली तीन पॅसिव्ह नाहीतच, असं पुलम यांनी दाखवून दिलं.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नाही. कर्ता लपवायला पॅसिव्ह लागतच नाही, असा त्याचा अर्थ होतो. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे जोड्याच आहेत: फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, सुटणं-सोडणं, मरणं-मारणं. 'ग्लास फुटला' हे शंभर टक्के कर्तरी वाक्य आहे, ग्लास कर्ता, आणि तरी गुन्हेगार गायब. झोपड्या पडल्या की पाडल्या, धरणाचं पाणी सुटलं की सोडलं, या एका स्वराच्या किंवा व्यंजनाच्या फरकावर आख्खी चौकशी उभी राहू शकते. १९८४ च्या भोपाळला आपण आजही 'गॅसगळती' म्हणतो. गळती ही नळाला लागते, छपराला लागते. तो शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर जुनाट वायसर येतो, बंद ठेवलेली सुरक्षायंत्रणा आणि ती बंद ठेवणारी माणसं येत नाहीत.

शब्दांच्या या निवडीने खरंच काही फरक पडतो का? केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी २०१० मध्ये याची एक झकास चाचणी प्रसिद्ध केली. २००४ च्या सुपर बोलच्या मध्यंतरात जस्टिन टिंबरलेकच्या हाताने जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा भाग निघाला, तो गाजलेला प्रसंग त्यांनी घेतला. काही लोकांना दिलेल्या वर्णनात त्याने कापड फाडलं होतं, इतरांना दिलेल्या वर्णनात कापड फाटलं होतं. बाकी मजकूर सारखाच. मग किती दंड व्हावा, हे विचारलं. 'फाडलं' वाचणाऱ्यांनी ठळकपणे जास्त दंड ठोठावला, आणि तेही त्या प्रसंगाची चित्रफीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यानंतर. डोळे एक सांगत होते आणि क्रियापद दुसरं, आणि क्रियापदाला वजन मिळालं.

आता माझ्या कामाकडे. शोधनिबंधाच्या कार्यपद्धतीच्या भागात आम्ही लिहितो: पेशी ३७ अंश सेल्सियसला २४ तास ठेवण्यात आल्या, नंतर धुण्यात आल्या, नंतर मोजण्यात आल्या. कोणी ठेवल्या? बहुतेकदा रविवारी रात्री अकरा वाजता बस पकडून प्रयोगशाळेत आलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने. त्याचं नाव तिथे नसतं, आणि माझ्या मते तिथे नसावंच. त्या वाक्याचं म्हणणं असं की हे कोणीही केलं तरी हेच घडेल, उद्या सोलापुरात कोणी केलं तरी. कर्ता गाळणं ही तिथे एक प्रकारची प्रतिज्ञा आहे. हे काही विज्ञानाचं जन्मजात वळण नव्हे. न्यूटनने १६७२ मध्ये प्रकाश आणि रंगांवर रॉयल सोसायटीला लिहिलं तेव्हा तो सरळ 'मी' म्हणत होता, मी लोलक मिळवला, मी खोली अंधारी केली. कर्ता मागाहून गेला, आणि आता 'नेचर'सारखी नियतकालिकं लेखकांना सांगतात की बाबांनो, कर्तरीत लिहा. दरम्यान कोणी काय केलं याची वेगळी यादी निबंधाच्या शेवटी जोडायची पद्धत आली आहे, चौदा ठराविक भूमिकांची. म्हणजे समोरच्या दाराने घालवलेला कर्ता आम्ही मागच्या दाराने आत घेतला, एवढंच.

पण प्रतिज्ञा कुठे संपते आणि आडोसा कुठे सुरू होतो, हे पाहायचं तर २५ एप्रिल १९५३ चा 'नेचर' उघडावा. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध जेमतेम पानभर आहे. सुरुवात ठणठणीत कर्तरी आहे, आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. शोध मांडताना 'आम्ही' हजर आहे. शेवटी आभार येतात, तिथे वाक्य वळतं. किंग्ज कॉलेजमधले विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या आणि कल्पनांच्या 'सर्वसाधारण स्वरूपाच्या माहितीने' आम्ही उत्तेजित झालो, असं ते म्हणतात. पॅसिव्ह, आणि 'बाय' नंतर माणूस येत नाही, माहिती येते. ती माहिती कुठून आली? रोझलिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने घेतलेलं क्ष-किरण छायाचित्र विल्किन्स यांनी जानेवारीत वॉटसन यांना दाखवलं होतं, फ्रँकलिन यांना न विचारता. त्यांची मोजमापं असलेला एक अंतर्गत अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून क्रिक यांच्यापर्यंत पोचला होता. दाखवलं, दिला, पाहिलं, वापरलं. चार सकर्मक क्रियापदं होती, आणि प्रत्येकाला कर्ता होता. छापील वाक्यात त्यांचं मिळून एक नाम झालं. खोटं त्यात काहीही नाही. मला अस्वस्थ करतं ते हेच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरचं दार रात्रभर उघडं राहिलं, आणि बऱ्याच जणांचे नमुने गेले. सकाळी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंची मेल आली, त्यात दार 'वॉज लेफ्ट ओपन'. ते कोणाकडून राहिलं हे त्यांना ठाऊक होतं. त्या मुलाशी त्या बंद दाराआड बोलल्या होत्या, हे आम्हाला पुढे त्यानेच सांगितलं. पन्नास जणांच्या मेलमध्ये मात्र दार कर्त्याविना उघडं राहिलं. माझे स्वतःचे नमुने त्यात गेले होते, आणि मला ते वाक्य योग्य वाटलं. कर्ता गाळला होता, पण जबाबदारी गाळली नव्हती, ती फक्त जिथे पोचायला हवी तिथे पोचली होती.

कर्ता मागे ठेवण्याचं आणखी एक न्याय्य कारण आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये हत्या झाली, असं आपण म्हणतो. मारेकऱ्याला वाक्याच्या मानाच्या जागी का बसवायचं? २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की हल्लेखोराचं नाव मी कधीच घेणार नाही. ते गाळणं जाणीवपूर्वक होतं, जाहीर करून केलेलं होतं. नेमका याच्या उलट प्रवास ज्युलिया पेनेलोपी या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने दाखवला होता. जॉनने मेरीला मारलं, मेरीला जॉनकडून मारहाण झाली, मेरीला मारहाण झाली, मेरी मारहाण झालेली स्त्री आहे. चार पायऱ्यांत जॉन विरून गेला आणि मार हे मेरीचं विशेषण झालं. आपल्याकडच्या 'पीडिता' या शब्दाचा प्रवास याहून वेगळा नाही.

म्हणजे रचना एकच. किंगच्या वाक्यात ती सोसणाऱ्याला मान देते, मेरीच्या वाक्यात त्याला एकटं पाडते. मग नैतिक फरक वाक्यात आहे की वाक्याबाहेर?

मला वाटतं एक कसोटी अशी लावून पाहता येते: कर्ता गाळण्याचा फायदा कोणाला होतो, आणि वाक्य बोलणारा हाच तो आहे का? फ्रीझरच्या मेलमध्ये बोलणाऱ्या बाईंना काहीच मिळत नव्हतं. 'चुका झाल्या' म्हणणाऱ्या अध्यक्षाला सगळंच मिळत होतं. पण ही कसोटीही एका ठिकाणी अडखळते, आणि ते ठिकाण आपल्या इतिहासात आहे.

१३ एप्रिल १९१९ च्या अमृतसरबद्दल जनरल डायरने वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात पॅसिव्ह शोधायला गेलात तर निराश व्हाल. मी गोळीबार केला, जमाव पांगेपर्यंत करत राहिलो, आणि पंजाबभर नैतिक परिणाम साधायला एवढा तर हवाच होता, अशा आशयाचं त्याचं निवेदन आहे. पुढे हंटर समितीसमोरही त्याने 'मी' सोडला नाही. १,६५० फैरी, सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मृत्यू, आणि व्याकरण निर्दोष कर्तरी. ऑर्वेलच्या नियमात अगदी बसणारं. शंभर वर्षांनी, १० एप्रिल २०१९ रोजी, पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटिश संसदेत त्यावर बोलल्या. 'जे घडलं' त्याबद्दल आणि 'झालेल्या' यातनांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. तिथे घडलं, झालं, आणि कर्ता नाही.

या दोन वाक्यांत कोणतं अधिक प्रामाणिक? डायरचं. कोणतं अधिक नैतिक? इथे मी थांबते. कारण 'मी केलं' म्हणण्यात दोन गोष्टी असतात, कर्तेपणाचा स्वीकार आणि त्याचं ओझं, आणि डायरने पहिली घेऊन दुसरी नाकारली. मे यांनी दुसरीची थोडी छटा घेतली आणि पहिली टाळली. दोन्ही एकत्र येऊ शकतात याचा पुरावा त्याच संसदेत आहे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. १५ जून २०१० ला चौकशी अहवाल मांडताना डेव्हिड कॅमेरॉन यांनी आमच्या सैन्यातल्या काहींनी चुकीचं केलं असं म्हटलं, आणि सरकारच्या वतीने 'मी' मनापासून दिलगीर आहे असं सांगितलं. घटनेच्या वेळी कॅमेरॉन पाच वर्षांचे होते. ज्याने काहीच केलं नाही त्याने 'मी' म्हटलं आणि ते पोकळ वाटलं नाही.

पाणिनीने कर्त्याची व्याख्या 'स्वतंत्र' या एका शब्दात केली, क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. व्याकरणाला ते पुरतं. माणसांना ते पुरत नाही, कारण आपण करतो त्यातलं बरंच काही पूर्ण स्वतंत्र नसतं आणि पूर्ण परतंत्रही नसतं. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं होतं. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. बघणाऱ्यांनाही दुःख होईल, पण चालकाचं दुःख वेगळ्या जातीचं असेल, आणि ते तसं नसेल तर आपल्याला तो माणूस विचित्र वाटेल. या भावनेला विल्यम्सनी 'एजंट रिग्रेट' म्हटलं. इंग्रजीत त्या चालकाला वाक्य सापडत नाही. 'मी मारलं' म्हटलं तर हेतूचा वास येतो, 'मूल मारलं गेलं' म्हटलं तर तो बघ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मराठीत ते वाक्य आहे: 'माझ्या हातून झालं.' हात माझा, हेतू नाही, आणि तरीही ते माझंच. मला ही आपल्या भाषेची मोठी मिळकत वाटते. गंमत म्हणजे आपण ती दोन्हीकडे वापरतो. माझ्या हातून चूक घडली, आणि माझ्या हातून थोडी सेवा घडली. चांगल्या कामात कर्तेपण असं सैल करणं ही नम्रता, तीच सैल गाठ वाईट कामात पळवाट होऊ शकते. मंत्रिमहोदय पत्रकार परिषदेत 'आमच्याकडून काही त्रुटी राहिल्या असतील' म्हणतात, तेव्हा आजीच्या तोंडचं हे नाणं ते खोटं करून चालवत असतात. 'असतील' तर त्याहून वाईट. ज्याला चूक कोणती हे सांगायचं नाही, त्याच्या हातून ती घडलीच कशी?

इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. 'हातून' शिकवताना नऊ वर्षांच्या एका मुलीने लगेच हात वर केला. "मग सॉरी म्हणायचं की नाही?"

"म्हणायचं."

"पण मी मुद्दाम नाही केलं."

"म्हणून तर 'हातून'."

तिने जरा विचार केला आणि वहीत लिहिलं, 'माझ्या हातून दादाचा लेगोचा किल्ला तुटला.' मग खोडरबर घेऊन अर्धं वाक्य पुसलं आणि म्हणाली, "ताई, दुसरं वाक्य चालेल का? तो मी तोडला होता."